जुन्या मोटारीतील पाण्याचा जमाखर्च

कोल्हापूरच्या पूर्वेस, शिरोली आणि गोकुळ शिरगाव या दोन औद्योगिक वसाहतींच्या दरम्यान, पुणे-बंगळूर महामार्गाला लागून वसलेले उचगाव हे करवीर तालुक्यातील गाव वाहनांच्या अखंड वर्दळीत उभे आहे. आणि जेथे ओतकामाच्या भट्ट्या, यंत्रशाळा व दुरुस्तीची गॅरेजे जवळपासच आहेत, तेथे तापलेल्या इंजिनावर इलाज करणारा माणूस मिळत नाही असे सहसा होत नाही. तरीही वीसपंचवीस वर्षांपूर्वीची एखादी उंची मोटार ‘तापते’ किंवा ‘हीटर काम देत नाही’ अशी तक्रार घेऊन दुरुस्तीस येते, तेव्हा पुष्कळदा असे घडते की प्रथम पाणी भरले जाते, मग थर्मोस्टॅट काढून टाकला जातो, त्यानंतर पंप बदलतो, शेवटी रेडिएटरही बदलतो, आणि एवढा खर्च होऊनही मूळ दोष जागच्या जागी राहतो. याचे कारण कारागिराच्या हातात कसब नसते हे नव्हे. इंजिनाची शीतनव्यवस्था ही एकच बंद रचना असून हीटर हा तिचाच एक अवयव आहे, ही गोष्ट दृष्टीआड करून प्रत्येक भागाचा सुटा विचार केला जातो, हे त्याचे खरे कारण होय.

पेट्रोल किंवा डिझेल जाळून जी ऊर्जा निर्माण होते तिच्यापैकी स्थूलमानाने एक तृतीयांश गती देण्याच्या कामी येते, दुसरा तेवढाच हिस्सा धुरावाटे निघून जातो, आणि उरलेली उष्णता सिलिंडरच्या भिंतींत व हेडमध्ये शिरते. ती तेथून सतत काढून घेतली नाही तर वंगण जळते, पिस्टन फुगतो आणि इंजिन जागच्या जागी अडकते. ही उष्णता बाहेर कशी न्यावी हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली ज्या तीनचाकी गाडीचे पेटंट घेतले तिच्यात पाणी उकळून त्याची वाफ हवेत निघून जाई, आणि चालकाला वाटेत पुनःपुन्हा पाणी भरावे लागे. या अडचणीवर टिकाऊ तोड काढली ती विल्हेल्म मेबॅक या अभियंत्याने. १९०० साली डाइम्लर कंपनीत ३५ अश्वशक्तीची पहिली मर्सिडीज घडविताना त्याने सहा मिलिमीटर चौरस तोंडाच्या ८,०७० आखूड नळ्या एकत्र जोडून पोळ्याच्या घडणीचा रेडिएटर तयार केला. हवेचा स्पर्श होणारे क्षेत्रफळ त्यामुळे इतके वाढले की पाण्याची गरज निम्म्यावर, म्हणजे नऊ लिटरांवर आली.

मेबॅक या नावाशी कोल्हापूरचे नाते आहे. मेबॅक आणि त्याचा पुत्र कार्ल यांनी १९०९ साली काउंट झेपेलिन यांच्या वायुनौकांसाठी इंजिने बनविणारी कंपनी काढली, पुढे तिनेच मोटारी बनविल्या, आणि त्यांपैकी एक मोटार राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत करवीर संस्थानात दाखल झाली. दसऱ्याच्या शाही सोहळ्यात ती बाहेर निघते तेव्हा तिला पाहण्यासाठी लोक आजही दुतर्फा उभे राहतात. ज्याला यंत्राची जाण आहे त्याने अशा वेळी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मिरवणुकीची मंद गती हीच कोणत्याही जुन्या मोटारीच्या शीतनव्यवस्थेची सर्वांत कठोर परीक्षा असते, कारण गाडी वेगात असताना जो वारा आपोआप रेडिएटरच्या जाळीतून वाहतो तो येथे नसतो, आणि सारा भार एकट्या पंख्यावर पडतो.

आपल्या भागात ‘इंजिन तापले तर पाणी घाला’ ही जी समजूत रूढ झाली आहे तिचे मूळ विहिरीवरच्या ऑइल इंजिनात असावे. ते इंजिन पंप चालवी, पंपाच्या पाण्याचा एक बारीक फाटा सिलिंडरभोवतीच्या पोकळीतून खेळवला जाई, आणि तापलेले पाणी पाटात निघून जाई. तेथे पाणी नित्य नवे असे, पोकळी ऐसपैस असे, आणि क्षारांचा थर साचला तरी झाकण उघडून तो खरवडून काढता येई. मोटारीची रचना याच्या नेमकी उलट आहे. येथे तेच आठदहा लिटर द्रव वर्षानुवर्षे फिरत राहते. म्हणून त्याचा हिशेब एखाद्या चोख पेढीच्या जमाखर्चासारखा ठेवावा लागतो. वर्षभरात द्रवाची पातळी लक्षात येण्याइतकी उतरली, तर ते कोठून तरी बाहेर पडत आहे किंवा इंजिनात जळत आहे एवढाच त्याचा अर्थ होतो, आणि वरून भर घातल्याने तूट भरून निघाली तरी गळती मिटत नाही.

या द्रवाचा मार्ग प्रथम समजून घेतला पाहिजे. पंप त्याला इंजिनाच्या ब्लॉकमध्ये ढकलतो. तेथून ते हेडमध्ये चढते. इंजिन थंड असेतोवर थर्मोस्टॅट बंद राहून त्याला आखूड वाटेने पुन्हा पंपाकडे धाडतो. आणि तपमान ८० ते ९० अंशांच्या दरम्यान पोहोचले की थर्मोस्टॅटमधील मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते व द्रव रेडिएटरकडे वळते. याच मार्गाला एक पोटवाट असते. ती डॅशबोर्डमागे बसविलेल्या लहानशा रेडिएटरमधून, म्हणजेच हीटरच्या जाळीतून जाते, आणि तिच्यावरून पंख्याने ढकललेली हवा आपल्याला ऊब देते. सर्व रचना दाबाखाली असते. रेडिएटरच्या टोपीवरील स्प्रिंग साधारणतः १ ते १.४ बार इतका दाब राखते, आणि समुद्रसपाटीवर १०० अंशांना उकळणारे पाणी एका बारच्या अधिक दाबाखाली सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. टोपीचे रबर झिजून हा दाब टिकेनासा झाला की वरवर निर्दोष दिसणारी गाडीही आंबा घाट किंवा करूळ घाट चढताना उकळू लागते. म्हणून तपासणीची सुरुवात सर्वांत स्वस्त भागापासून, म्हणजे टोपीपासूनच करावी. मात्र इंजिन तापलेले असताना ती कदापि उघडू नये. दाब एकाएकी सुटताच आतले द्रव क्षणार्धात उकळून उसळते आणि तोंड व हात भाजतात.

द्रव कोणते भरावे याबाबत आपल्याकडे मोठी बेफिकिरी आढळते. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, तेव्हा ग्लायकॉल मिसळलेल्या कूलंटची गरजच काय, असा प्रश्न पुष्कळ मालक विचारतात. निम्मे पाणी व निम्मे एथिलीन ग्लायकॉल यांचे मिश्रण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, हा गुण आपल्याला निरुपयोगी असला तरी तेच मिश्रण दाबाविना सुमारे १०७ अंशांना उकळते हा गुण उपयोगी आहे. आणि त्याहून महत्त्वाची आहेत ती त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये. उंची मोटारीच्या इंजिनात लोखंडी ब्लॉक, ॲल्युमिनियमचे हेड, तांबे-पितळेची किंवा ॲल्युमिनियमची जाळी आणि डाखाचे शिसे-कथील असे भिन्न धातू एकाच द्रवात बुडालेले असतात, त्यांच्यात विद्युत्‌रासायनिक क्षरण अटळ असते, आणि ते रोखणारी द्रव्ये काळाच्या ओघात खर्च होतात. म्हणूनच जुन्या पद्धतीचे कूलंट दोनतीन वर्षांनी व नव्या सेंद्रिय आम्लांचे कूलंट निर्मात्याने सांगितलेल्या मुदतीने बदलावे लागते. दोन भिन्न जातींची कूलंटे केवळ रंग जुळतो म्हणून एकत्र करू नयेत. काही मिश्रणांतून चिकट साका तयार होऊन तो बारीक नळ्या बुजवतो. पाणीही ऊर्ध्वपातित किंवा क्षारमुक्तच घ्यावे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून उपसलेले बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. त्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार तापलेल्या धातूवर थर धरतात, आणि हा थर उष्णतेचा मंद वाहक असल्यामुळे तपमापक काटा शांत दिसत असतानाही हेडमधील धातू आतल्या आत तापत राहतो.

आता हीटरकडे वळू. कोल्हापूरच्या सौम्य हिवाळ्यात हीटरची आठवण क्वचितच होते, आणि म्हणूनच तो येथे अधिक बिघडतो. वर्षानुवर्षे न वापरलेल्या पोटवाटेत द्रव साचून राहते, तळाशी गाळ बसतो आणि झडप अडकते. पण पावसाळ्यात गगनबावड्याकडे जाताना, बाहेर धुके व आत दमट श्वास यांमुळे समोरची काच धूसर होते, तेव्हा ती स्वच्छ करण्याचे काम वातानुकूलनाने कोरड्या केलेल्या आणि हीटरने तापविलेल्या हवेचेच असते. हीटर हा आपल्याकडे चैनीचा भाग नसून सुरक्षिततेचा आहे, हे घाटात वाहन हाकणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.

यातील एक विचित्र बिघाड विशेष नोंदण्याजोगा आहे. १९९५ साली पुण्याजवळ पिंपरी येथे टेल्कोच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू-१२४ घराण्यातील मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या, आणि त्या पिढीच्या गाड्या महाराष्ट्रात आजही जिव्हाळ्याने सांभाळल्या जातात. या काळच्या अनेक जर्मन गाड्यांत हीटरचे द्रव विजेवर चालणाऱ्या झडपेने रोखले जाते, आणि ती झडप अशी योजलेली असते की वीज मिळाली तर बंद व्हावी व वीज खंडित झाली तर उघडी राहावी. थंड देशात बिघाड झाला तरी प्रवाशाला ऊब मिळावी, हा त्यामागील उदार हेतू. आपल्या हवामानात त्याचा परिणाम उलटा होतो. झडपेचा रबरी पडदा फाटला किंवा तिची वीज तुटली की तापलेले द्रव अहोरात्र हीटरच्या जाळीतून वाहते, आणि वातानुकूलनाने थंड केलेली हवा तेथेच पुन्हा तापते. मालक गॅस भरून घेतो, कॉम्प्रेसर बदलतो, तरी गारवा येत नाही. अशा वेळी हीटरला जाणाऱ्या नळ्या हाताने तपासाव्यात. नियंत्रक पूर्ण थंडीवर असतानाही दोन्ही नळ्या सारख्याच तापलेल्या आढळल्या तर दोष झडपेत किंवा तिच्या विजेत आहे, गॅसमध्ये नाही.

याच्या उलट, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवूनही ऊब येत नसेल तर त्याच दोन नळ्या वेगळी साक्ष देतात. एक नळी गरम आणि दुसरी थंड असेल तर झडप बंद अडकली आहे किंवा जाळी गाळाने बुजली आहे. दोन्ही गरम असून हवा मात्र थंड येत असेल तर हवेचा मार्ग बदलणारी झापड अडकली आहे. आणि दोन्ही कोमट असतील तर पातळी कमी आहे, आत हवा अडली आहे, किंवा थर्मोस्टॅट उघडाच राहिल्याने इंजिन पुरेसे तापतच नाही. बुजलेली जाळी नळ्या सोडवून उलट दिशेने, साध्या नळाच्या हलक्या दाबाने धुवावी. कॉम्प्रेसरच्या हवेचा मोठा दाब दिल्यास जुना सांधा फाटतो, आणि ही जाळी बदलण्यासाठी कित्येक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. गाडीत गोडसर वास येणे, काचेवर आतून चिकट थर धरणे आणि पायाखालचा गालिचा ओला होणे, ही जाळी गळत असल्याची लक्षणे होत. गालिचा वातानुकूलनाच्या पाण्यानेही ओला होतो, पण ते पाणी निर्मळ व वासरहित असते.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या प्रघाताविषयी स्पष्ट लिहिणे अवश्य आहे. तो काढला की इंजिन थंड राहील ही समजूत दुहेरी चुकीची आहे. एक तर इंजिनाला नेमून दिलेले तपमान येत नाही, इंधन अधिक जळते, वंगणात पाणी व इंधन साचते आणि सिलिंडर लवकर झिजतो. दुसरे असे की ज्या इंजिनांत थर्मोस्टॅटची दुसरी बाजू आखूड वाट बंद करण्याचे काम करते, त्यांत तो नसला की तापलेले द्रव रेडिएटरला वळसा घालून थेट पंपाकडे परतते, आणि चढणीवर इंजिन अधिकच तापते. थर्मोस्टॅटची परीक्षा सोपी आहे. तो पातेल्यातील पाण्यात तपमापकासह टांगून पाणी तापवावे. अंगावर कोरलेल्या अंशाच्या आसपास तो उघडला व थंड होताच मिटला तर निर्दोष, नाहीतर नवा घालावा.

इंजिन नक्की केव्हा तापते हा प्रश्न कारागिराने मालकाला सर्वांआधी विचारावा, कारण उत्तरातच निदानाचा अर्धा भाग असतो. गाडी उभी असताना किंवा गर्दीत तापत असेल आणि महामार्गावर शांत राहत असेल, तर संशय पंख्यावर: विजेच्या पंख्याचा तपमान-स्विच, किंवा इंजिनावर बसविलेल्या पंख्याचा सिलिकोन तेल भरलेला क्लच, जो उष्णता वाढताच आवळला जावा पण जुना झाल्यावर सैल फिरतो. उलट वेगात किंवा चढणीवर तापत असेल, तर रेडिएटर आतून बुजला आहे किंवा पंपाची पाती झिजली आहेत. उसाच्या हंगामात रस्त्यावरच्या पाचटाचा चुरा व धूळ वातानुकूलनाच्या कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत दाटते आणि बाहेरून दिसत नाही. हे दोन्ही भाग सोडवून मधली बाजू इंजिनाकडून पुढच्या दिशेने हलक्या पाण्याने धुतल्यावाचून कोणत्याही खर्चिक दुरुस्तीस हात घालू नये.

गळती शोधण्यासाठी गाडी थंड असताना हातपंपाने रचनेत टोपीवर छापलेल्या आकड्याइतका दाब भरावा आणि काही वेळ काट्याकडे पाहावे. काटा उतरला तर बाहेरची वाट शोधावी: फुगलेल्या किंवा भेगाळलेल्या नळ्या, पंपाखालचे बारीक छिद्र, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी व जाळी यांचा सांधा, आणि ब्लॉकच्या कडेला बसविलेल्या पत्र्याच्या चकत्या, म्हणजे कोअर प्लग. या चकत्यांचे प्रयोजन ओतकाम जाणणाऱ्या कोल्हापूरकरास लगेच कळेल. ब्लॉकमधील पाण्याच्या पोकळ्या वाळूच्या कोअरने घडविल्या जातात, ती वाळू काढण्यासाठी राहिलेली भोके या चकत्यांनी बुजवितात, आणि साध्या पाण्यावर चालविलेल्या इंजिनात गंज त्यांना आतून पोखरतो. बाहेर कोठेच ओल नसेल आणि द्रव तरीही घटत असेल, तर हेड गॅसकेटचा विचार करावा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते; एकदा अतिशय तापलेले हेड वाकते, आणि ज्वलनाचा वायू द्रवात शिरतो. थंड इंजिन सुरू करताच वरची नळी कडक होणे, टाकीत बुडबुडे, गोडसर वासाचा पांढरा धूर, तेलात दुधट साका, ही त्याची चिन्हे; आणि टाकीतील वायू निळ्या चाचणीद्रवातून ओढल्यावर ते पिवळे झाले तर शंका उरत नाही.

वाटेत गळती थांबविण्यासाठी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची किंवा बाजारातील गळतीरोधक पूड घालण्याची चाल आहे. निर्जन घाटात तेवढ्यापुरती ती निभावून नेते हे खरे. पण जी पूड भोक बुजवते ती हीटरच्या बारीक नळ्याही बुजवते, म्हणून मुक्कामी पोहोचताच सारी रचना धुवून काढावी. तांबे-पितळेची जुनी जाळी असेल तर ती फेकू नये. कुशल रेडिएटरवाला टाकी सोडवून नळ्यांतून सळई फिरवितो, डाख लावतो आणि ती पुन्हा पुष्कळ वर्षे काम देते.

दुरुस्तीनंतर द्रव भरण्याची रीत हीसुद्धा दुरुस्तीच आहे. गाडीचा पुढचा भाग उंच करून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून, हवा सोडण्याचा स्क्रू सैल करून द्रव सावकाश ओतावे. स्क्रूतून बुडबुड्यांविना धार आली की तो आवळावा, इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवावे, पूर्ण थंड होऊ द्यावे आणि मगच पातळी पाहावी. आत अडलेला हवेचा एक बुडबुडाही हेडमध्ये असा कोपरा निर्माण करतो की जेथे द्रव पोहोचत नाही. काढलेले जुने कूलंट मात्र गटारात किंवा ओढ्यात सोडू नये. एथिलीन ग्लायकॉल गोड लागते आणि विषारी असते. कुत्री-मांजरे ते चाटतात व मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात, आणि लहान मुलांनाही त्याचा तितकाच धोका आहे.

प्रवासात काटा वर चढू लागला तर वातानुकूलन बंद करावे, खिडक्या उघडाव्यात आणि हीटर पूर्ण चालू करावा. तो दुसरा लहान रेडिएटरच असल्याने इंजिनाची काही उष्णता वाहून नेतो. तरीही काटा उतरला नाही तर गाडी उभी करून इंजिन बंद करावे, अर्धापाऊण तास थांबावे, आणि तापलेल्या ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतण्याचा मोह टाळावा, कारण त्या धक्क्याने धातूला तडा जातो.

जुन्या उंची मोटारीच्या मालकाने एक वही ठेवावी, आणि कूलंट कोणत्या जातीचे, केव्हा भरले, पातळी केव्हा किती उतरली, कोणता भाग केव्हा बदलला याची तीत नोंद करावी. पावसाळ्यापूर्वी टोपी, नळ्या, पंखा व हीटरची झडप यांची एकवार तपासणी करून घ्यावी, आणि महिन्यातून एकदा, थंडी असो वा नसो, हीटर काही मिनिटे चालवावा. कारागिरांनीही भाग बदलण्यापूर्वी दाब, तपमान व नळ्यांची ऊब या तीन साक्षी घेण्याचा शिरस्ता पाळावा. एवढी शिस्त सांभाळली तर तीस वर्षांची मोटारही घाट निर्धास्त चढते, आणि न सांभाळल्यास मोडीत निघते. तेव्हा या पावसाळ्याआधी प्रत्येक मालकाने इंजिन थंड असताना आपल्या गाडीचे बॉनेट एकदा उघडून पातळी स्वतः पाहावी.